पाइलिंगच्या साइटवर नव्याने येणाऱ्यांसाठी: शेवटचं साउंडिंग स्वतः घ्या

पाइलसाठी खणलेल्या बोअरच्या कडा धरून ठेवणारं बेंटोनाइटचं द्रावण कशाला, काँक्रीट तळापर्यंत नेणारी ट्रेमी नळी का लागते, हे कॉलेजात झालंय. मी बोलणार आहे ते काँक्रीट ओतण्याआधीच्या साउंडिंगवर, म्हणजे टेपने बोअरची खोली मोजण्यावर, कारण माझी पहिली नोकरी त्यावरूनच जाता जाता वाचली.

बोअर खडकात हवा तेवढा उतरला, तळाचा गाळ काढणारी क्लीनिंग बकेट फिरली, तुम्ही वजन बांधलेली टेप सोडली. समजा २२.४० मीटर भरलं. रजिस्टरमध्ये लिहून मोकळे झालात की फसलात! यानंतर सळयांचा पिंजरा उतरतो, बोअरच्या कडांना घासतो, माती सुटते. वडाळा-शिवडीकडच्या खाडीच्या चिकणमातीत तर जास्तच. मग ट्रेमी जोडा, मग काँक्रीटच्या गाडीची वाट बघा. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी, मिक्सर कुठेतरी अडकलेला. तेवढ्या वेळात बेंटोनाइटमधली वाळू, खडकाचा चुरा खाली बसत राहतो. वरून काहीच कळत नाही. तुमचं २२.४० आता शिळं झालेलं असतं. त्यावर काँक्रीट पडलं की पाइल खडकावर नाही, गाळावर उभा. आमच्या साइटवर असा एक पाइल लोड टेस्टला खचला. शेजारी नवे पाइल घेऊन त्यांच्या माथ्यावरची काँक्रीटची पाइल कॅप वाढवावी लागली.

म्हणून पिंजरा उतरल्यावर गाळ काढायला ट्रेमीतून फ्लशिंग, आणि गाडी गेटवर आली की पुन्हा टेप. फोरमन कितीही ओरडू दे. वजन खडकावर टेकलं तर हाताला टक्कन लागतं, गाळावर टेकलं तर मऊ बसतं आणि उचलताना चिकटतं. हे हाताला कळायला वेळ लागतो, घाबरू नका, सगळ्यांनाच लागतो.

ओतताना ट्रेमीचं तोंड किमान २ मीटर काँक्रीटमध्ये बुडालेलं ठेवा. हिशेब सोपा आहे: १ मीटर व्यासाच्या पाइलमध्ये ६ घनमीटरची गाडी साधारण साडेसात मीटर चढते. टेपवर त्याहून बरंच जास्त चढलेलं दिसलं तर बोअर कुठेतरी आत आलाय. लगेच सिनियरला सांगा.

आठवड्याभराच्या सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालवू नका, हे माझं ठाम मत. गुरू करायचा तर बोअर खणणाऱ्या रिगचा जुना ऑपरेटर करा. मुंबईत एकाच प्लॉटवर दोन बोअरमध्ये खडक वेगवेगळ्या खोलीवर लागतो. मुरूम संपला हे त्याला रिगच्या आवाजावरून कळतं. त्याच्यासोबत चहा प्या, त्याला अहो-जाहो करा, तो भरभरून शिकवतो.

टांगलेल्या पिंजऱ्याखाली उभं राहायचं नाही, कुणीही सांगितलं तरी. उघड्या बोअरवर जाळी नसेल तर काम थांबवा.

आणि कामाची चिंता करू नका. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ जवळजवळ सगळी जमिनीखालून गेली, तिच्या स्टेशनांच्या खोदाईला सीकंट पाइलच्या, म्हणजे एकमेकांत घुसलेल्या पाइलच्या भिंती लागल्या. शहरात असं काम चालूच राहणार. पहिल्या मुलाखतीत पगाराआधी एवढं विचारा: साउंडिंगचं रजिस्टर बोअरपाशी भरतात की ऑफिसात? ऑफिसात म्हणाले तर दुसरी नोकरी शोधा.