कागदावरची मार्केटिंग योजना अशी कामाला लावली

'सोशल मीडियावर सक्रिय राहणे'. योजना अडते ती असल्या ओळींपाशी, कारण कोणी आणि कधी हे त्यात नसतंच. ती ओळ खोडून 'दर मंगळवारी ११ वाजेपर्यंत एक पोस्ट, फोटो सोमवारीच काढून ठेवायचा' असं लिहिलं, शेजारी एकच नाव टाकलं, की काम हलतं. दोन नावं असली की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

वर्षभराचा आराखडा बाजूला ठेवून १३ आठवड्यांचा तक्ता केला, प्रसिद्धीची माध्यमं पाचावरून दोनावर आणली.

खरा फरक पडला चौकशीच्या वहीने. फोनशेजारी साधी वही: तारीख, नाव, कुठून कळलं, पुन्हा फोन कधी, खरेदी झाली का. 'कुठून कळलं' हे पहिल्याच बोलण्यात विचारा. नंतर लोकांना आठवत नाही. महिनाअखेरीला माध्यमाच्या खर्चाला ग्राहकांच्या संख्येने भागायचं, चौकशांच्या नव्हे. तेवढ्याच खर्चात एका जाहिरातीने ४० चौकशा आणि २ ग्राहक दिले, दुसरीने १० चौकशा आणि ४ ग्राहक, तर दुसरीचा ग्राहक निम्म्या खर्चात पडतो.

मग जाहिरातीत बदल करा, पण एका वेळी एकच: मथळा, फोटो किंवा सवलत. तिन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.