चवथीच्या स्टॉलची तयारी: पिशव्या छापायला टाकण्याआधी

चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, पंधरा दिवस स्टॉल उभा राहायला हवा असेल, तर आषाढ लागताच कामाला बसावं लागतं. आमचा अनुभव गोव्यातल्या डिचोलीकडचा, तीन वर्षांचा, सहा घरांचा. कुणाचा मुलगा ऑटिस्टिक, कुणाच्या मुलीला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही; एकाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन जड जातं. चित्रं ही मुलं काढतात; मुलं म्हणायची सवय, नाहीतर थोरला तिशीला आलाय. त्या चित्रांच्या पिशव्या, कप, पोस्टकार्डं आम्ही विकतो: मावश्या, शेजारी, भजनी मंडळातले काका. यंदा आणखी दोन वाड्यांवरून विचारणा झाली, म्हणून सगळं एकदा सलग लिहून ठेवते.

सुरुवात चित्रकाराच्या कपाटापासून करा. चित्रं जमिनीवर पसरायची आणि त्याच्याकडूनच तीन गठ्ठे करून घ्यायचे: विकायची, विकायची नाहीत, माहीत नाही. जो बोलत नाही त्याला हो-नकोची कार्डं द्या. चार दिवसांनी तेच पुन्हा विचारा, कारण पहिल्या दिवशीचा होकार पुष्कळदा मावशीला बरं वाटावं म्हणून असतो. 'माहीत नाही'तली चित्रं 'विकायची नाहीत'मध्ये जमा करायची. माझा भाचा चोवीस वर्षांचा आहे, दरवर्षी घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट, कागदावर काढतो. सुपारीचं शिपटं, तोरिंगण, कवंडळ, आंबाड्यांचा घोस, सगळं मोजून. माटोळीत सतरा आंबाडे असतील तर कागदावरही सतराच. त्यातली एक माटोळी आजोबांनी शेवटची बांधलेली. तीच सगळ्यांना हवी असते, आणि तीच विकायची नाही. आम्ही ती स्टॉलवर नेतही नाही, म्हणजे कुणी गळ घालायला नको.

याच्याच पोटात आमचा एक कडक नियम आहे: झालेल्या चित्रावरून वस्तू करायची, वस्तूसाठी चित्र काढायला बसवायचं नाही. "आमच्या घराचं एक काढून देईल का? तुळशीवृंदावनासकट?" असं विचारणारे प्रेमानेच विचारतात. पण तारीख डोक्यावर ठेवून चित्र मागितलं की आमच्याकडे दोघांचं महिनाभर चित्रच बंद पडलं. त्यापेक्षा गेल्या पाच वर्षांच्या कागदांत शोधा. घर सापडतं, वृंदावनही सापडतं.

निवडलेली चित्रं पाऊस कागदाला लागण्याआधी स्कॅन करून घ्या. गोव्याच्या पावसात कपाटातल्या कागदावरसुद्धा बुरशीचे ठिपके येतात, आणि स्कॅनमध्ये ते शाईसारखेच दिसतात. पोस्टकार्डाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं. लहान चित्र पिशवीवर मोठं करायचं तर ६००वर घ्या. फोनवर काढलेला फोटो कडेला वाकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. मूळ कागद मग बटर पेपरमध्ये घालून सपाट ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.

छपाईचं थोडं समजून घेतलं तर पैसे वाचतात. स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते, म्हणून एक-दोन रंगांची रेषाचित्रं त्यात स्वस्त पडतात, तीही पन्नासेक नग असतील तर. खूप रंग आणि थोडे नग असतील तर डीटीएफ. त्यात फिल्मवरून चित्र कापडावर उतरवतात; हाताला मात्र ते प्लॅस्टिकसारखं लागतं. आमच्यातल्या एका मुलीला तो स्पर्श अजिबात सहन होत नव्हता. स्वतःच्याच चित्राची पिशवी तिने बोटाच्या टोकाने ढकलून दिली. तिची चित्रं आता फक्त स्क्रीन प्रिंटला जातात, महाग पडली तरी. कपासाठी सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने शाई धरणारा, लेप असलेलाच कप लागतो, बाजारातला साधा कप चालत नाही. आणि चित्र कपावर आलं की हलकं होतं, असं निदान गोव्यात तरी कुणी म्हणू नये. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची माणसं कपांवर नि टाइलांवर बघतच आपण मोठे झालो.

नमुना पाहिल्याशिवाय सगळा माल छापायला सांगू नका. हे आम्ही साठ पिशव्या घालवून शिकलो. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कापडावरचा शाईचा, त्यामुळे झगझगीत हिरवे-केशरी छपाईत मंद होतात. भाच्याचा आंबाड्यांचा पोपटी शेवाळी होऊन आला. तो काही बोलला नाही. गठ्ठा सोडला, आणि एकेक पिशवी उचलून चित्राची बाजू खाली करून सोप्यावर (ओसरीवर) पालथी मांडत गेला, साठच्या साठ. विकायच्या की नाही हा प्रश्न तिथेच मिटला. तेव्हापासून एक नग आधी छापून घेतो, दोनदा धुतो, मूळ चित्राशेजारी ठेवतो, आणि चित्रकाराने मान डोलावली की मगच पुढे सांगतो.

आता कागदपत्रं. घरचाच मामला आहे म्हणून लोक हे टाळतात, आणि भांडणं नेमकी इथेच होतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक ते काढणारा. स्टॉल लावणारं मंडळ नव्हे, आईबापही नव्हेत. हक्क विकत घेऊ नका. अमुक चित्र, अमुक वस्तूवर, अमुक नग, एक वर्ष, एवढीच परवानगी लेखी घ्या. कुणी बाहेरचा सगळे हक्क लिहून मागत असेल तर मुदत आधी बघा. हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. चित्राखाली आपलं नाव मागण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही चित्रकाराकडेच राहतो. अर्ध्या पानाचा करार, सोपी वाक्यं, शेजारी पिशवीचं आणि नोटेचं चित्र, एवढं पुरतं.

सही कुणाची? अठराच्या आतल्या मुलाच्या वतीने पालकांची. अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना बँकेच्या खिडकीवर कळतं. समजून सही करणारा असेल तर त्यालाच करू द्या. खरोखरच गरज असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा दाखला मिळतो. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांपुरता. एडीएचडी किंवा डिस्लेक्सियावाल्याला त्याचा उपयोग नाही. खातं मात्र चित्रकाराच्याच नावाचं हवं, आणि ते स्टॉलच्या आठवड्यात उघडायला जाऊ नका. घरात गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येत असतील, तर नव्या कमाईने त्याच्या अटींना बाधा येते का ते समाजकल्याण खात्यात आधी विचारून घ्या. अल्पवयीन मुलाने स्वतःच्या कौशल्यावर कमावलेलं आयकरासाठी आईबापांच्या उत्पन्नात धरत नाहीत. जीएसटीची भीती कोणी घातली तर सांगा, गोव्यात नुसता माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे. आपल्या पिशव्यांना तिथवर जायला पुष्कळ चवथी लागतील. राज्याबाहेर पाठवणार असाल तर हिशेबनिसाला एकदा विचारा.

किंमत ठरवताना चित्रकाराचा हिस्सा विक्रीच्या किमतीवर बांधा. 'नफ्यातून देऊ' म्हटलं की रिक्षा, चहा, मांडवाचं भाडं वजा होतहोत नफाच उरत नाही. समजा पिशवी २५० रुपयांची आहे. कोरी पिशवी, छपाई, टॅग मिळून १२० गेले. चित्रकाराचे ७५, विकणाऱ्या मंडळाचे २५, आणि ३० पुढच्या छपाईला नि डागाळलेल्या नगांना. हे चार आकडे आम्ही स्टॉलवर पुठ्ठ्यावर लिहूनच लावतो. घासाघीस निम्म्याने कमी होते.

टॅगवर चित्रकाराला हवं तसं नाव आणि चित्राबद्दल एक ओळ घाला. डॉक्टरांनी केलेलं निदान टॅगवर लिहायचं की नाही हे तो ठरवेल. आमच्यातली एक अभिमानाने लिहायला लावते, भाचा 'माटोळी, फळं मोजून' एवढंच. 'विशेष मुलांना मदत करा' असा फलक लावू नका. एका वर्षी तो लावला होता. लोक पैसे देऊन गेले आणि पिशव्या टेबलावरच ठेवून गेले.

मागणी आधी गोळा करा. पाच-सहा जण विकणारे ठरवा, प्रत्येकाला आपापलं गिऱ्हाईक माहीत असतं: एकीची शाळा, एकाचं भजनी मंडळ, एकीचा बचतगट. नमुन्याचे फोटो, किंमत, शेवटची तारीख, निम्मे पैसे आगाऊ. जेवढी मागणी येईल त्याच्या दहा टक्के जास्त छापा, त्याहून नाही. उरलेल्या पिशव्या पावसात वास धरतात.

जागा मागताना माटोळीच्या बाजाराला लागून मागा, पण लाउडस्पीकरच्या खांबापासून लांब. देवस्थान समिती किंवा पंचायतीची परवानगी लेखी असू द्या. वर ताडपत्री, खाली पाट, म्हणजे वाहतं पाणी खोक्यांना लागत नाही. चित्रकाराने स्टॉलवर बसलंच पाहिजे असं नाही. यायचं असेल तर तासभर, पाठीमागच्या बाजूला, कानाला इअरमफ, हातात वही. गोंगाट सोसेनासा झाला तर बसायला शेजारच्या कुणाचा सोपा मोकळा मिळेल ते आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि त्याला ती जागा नेऊन दाखवा. कुणी "अरे बाळा, हे तूच काढलंस?" म्हणेल. चोवीस वर्षांच्या माणसाला बाळा. विकणाऱ्याने तिथे मध्ये पडून नाव सांगावं, आणि उत्तराला वेळ लागेल हेही.

पणजीत २०२३च्या जानेवारीत पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हापासून अशा स्टॉलांची विचारणा वाढली आहे. पण गावच्या बाजारात एकदा घडी बसल्याशिवाय मोठ्या मेळाव्याचा अर्ज भरू नका, एवढं माझं मत.

पैसे त्याच रात्री मोजा, वहीत लिहा, खात्यात टाका आणि पासबुकातली ओळ चित्रकाराला बोटाने दाखवा. वहीत छापलेल्या, विकलेल्या, उरलेल्या आणि डागाळलेल्या अशा चार रकान्यांची बेरीज जुळली पाहिजे. गेल्या वर्षी तीन पिशव्या कमी भरल्या. आम्ही दोन रात्री मोजत बसलो, एका वहिनीवर नको तो संशयही आला. पिशव्या भाच्याच्या खणात निघाल्या, घडी घालून, चित्राची बाजू वर. आता वहीत पाचवा रकाना आहे: 'चित्रकाराने ठेवल्या'.