सातबाऱ्यावर वारस लावताना

वडील, म्हणजे आमचे अण्णा, गेल्यावर वर्षभर सातबाऱ्याला कुणी हात लावला नाही. तीन महिन्यांत कळवायचं असतं, हे पीककर्जासाठी सोसायटीत गेलो तेव्हा कळलं.

ई-हक्क या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर वारस नोंदीचा अर्ज भरला: मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार. तलाठ्यांनी परत पाठवला. सातबाऱ्यावर अण्णांचं हाकेचं नाव, दाखल्यावर शाळेतलं! जुन्या खरेदीखतात मात्र 'ऊर्फ' लावून दोन्ही नावं होती. ट्रंकेत आईच्या शालूखाली सापडलं. त्याची प्रत आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, मग गाडी पुढे सरकली.

चुलते म्हणाले, "लग्न झालेल्या पोरीचं नाव कशाला घालतोस?" मी ऐकलं नाही. ताईचा हक्क माझ्याइतकाच. लपवलं असतं तर पुढेमागे वाद ठरलेलाच. हक्कसोड, म्हणजे आपला वाटा सोडून द्यायचा लेख, करायची की नाही ते तिचं तिने ठरवावं, आणि तेही नोंदणीकृत दस्तानेच. साध्या स्टॅम्पवर चालत नाही.

नोटिसा निघाल्या, हरकतीचे १५ दिवस सरले, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, प्रमाणित केला. सातबाऱ्यावर आता आई, ताई, मी. सोसायटीला तिघांच्या सह्या हव्यात. ताई दिवाळीला येतेय.