बॉनेटवरचे किडे खरवडू नका, भिजवा

पावसाळ्याच्या तोंडावर समृद्धी महामार्गावरून रात्रभर गाडी चालवली की सकाळी बंपर, नंबरप्लेट आणि बॉनेटची पुढची कड किड्यांनी माखलेली असते. ते त्याच दिवशी काढा. त्यांच्या अंगातला स्राव आम्लधर्मी असतो. ऊन लागलं की तो रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये मुरतो, आणि मग डाग पॉलिश केल्याशिवाय हटत नाही.

गाडी सावलीत लावा, बॉनेट हाताला गार लागू द्या. आधी पाण्याने धूळ उडवा. मग मायक्रोफायबरचं कापड कार शाम्पूच्या पाण्यात बुडवून, न पिळता, थेट किड्यांवर पसरा. दहा मिनिटं तरी राहू द्या. वाळायला लागलं तर पुन्हा पाणी शिंपडा. चिकटलेले पंख, पाय सैल होतात आणि कापडाच्या स्वच्छ बाजूने अलगद निघतात. एखादा चिवट उरलाच तर पुन्हा भिजवा, जोर लावू नका. घासणी आणि नखं तर अजिबात नकोत. भांड्यांचा साबणही नको, त्याने वॅक्स उतरतं. आणि काचेवर कोरडे वायपर फिरवू नका, सगळा लगदा फासला जातो.

निघण्याआधी पुढच्या भागावर वॅक्सचा हात फिरवलेला असेल तर बरेचसे किडे नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानेच सुटतात.