एक्झेकने बदललेले व्हेरिएबल जाते कुठे? या चुका टाळा

पायथनमध्ये स्ट्रिंगमधला कोड चालवताना होणारे बहुतेक घोळ एकाच समजुतीतून जन्मतात: एक्झेक (exec, स्ट्रिंगमधला कोड चालवणारे पायथनचे फंक्शन) जिथे लिहिले, तिथे त्या स्ट्रिंगमधल्या ओळी जणू हातानेच टाइप केल्या आहेत. भाषेला हे मान्य नाही.

फंक्शनच्या आत एक्झेकने स्थानिक व्हेरिएबल बदलू पाहणे ही मला सर्वाधिक वेळा दिसलेली चूक आहे आणि मी स्वतः तिच्यापायी दोन दिवस घालवले आहेत. एका बिलिंग प्रोग्रॅममध्ये सवलतीचे नियम स्ट्रिंग म्हणून साठवलेले होते. नियमाने ‘दर’ बदलायचा आणि फंक्शनने तो परत करायचा, एवढेच काम होते. शेलमध्ये (जिथे ओळ टाइप करताच चालते) सारे बिनचूक चालले, फंक्शनमध्ये मात्र प्रत्येक ग्राहकाला मूळ दरच लागत राहिला, आणि एरर एकही नाही. डेटाबेस तपासला, कॅशे पुसला, सहकाऱ्यावर संशयही घेतला. मॉड्यूलच्या पातळीवर, म्हणजे फंक्शनच्या बाहेर, जिथे शेलमधला कोडही चालतो, लोकल्स (locals, स्थानिक नावे) आणि ग्लोबल्स (globals, मॉड्यूलभरची नावे) ही एकच डिक्शनरी, म्हणजे नावे आणि त्यांच्या किमतींची जोडयादी, असते, म्हणून शेलमधली ती चाचणी काहीच सिद्ध करत नव्हती. फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबल्सच्या जागा कोड कंपाइल होतानाच ठरतात. एक्झेकच्या हाती त्यांची डिक्शनरीतली नक्कल येते आणि बदल त्या नकलेतच राहून जातो. स्ट्रिंगने निर्माण केलेले नवे नाव नंतर लोकल्समधून उचलण्याची पळवाट काही जण वापरत, पायथन 3.13 पासून फंक्शनमध्ये लोकल्स दर वेळी स्वतंत्र नक्कल देत असल्याने तीही बंद झाली, याचे मला मुळीच दुःख नाही.

माझी सवय अशी, की एक कोरी डिक्शनरी घ्यावी, लागणाऱ्या किमती तीत घालाव्यात, एक्झेकला ती एकटीच द्यावी आणि निकाल तिच्यातूनच नावाने काढून घ्यावा.

‘एकटीच’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. ग्लोबल्स आणि लोकल्स म्हणून दोन वेगळ्या डिक्शनऱ्या दिल्या, तर कोड क्लासच्या आत लिहिल्यासारखा चालतो: त्यात व्याख्या केलेल्या फंक्शनला शेजारचे फंक्शन दिसत नाही, इतकेच काय, रिकर्शन करताना, म्हणजे स्वतःलाच बोलावताना, स्वतःचे नावही सापडत नाही आणि नेमएरर येते. उतावीळ नवशिके अशा वेळी प्रत्येक स्ट्रिंगमध्ये ‘ग्लोबल’ (नाव ग्लोबल्समध्ये ठेवायला सांगणारा शब्द) पेरत सुटतात. एरर जाते, पण कोणते नाव कोठून बदलले हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

आतल्या फंक्शनमधल्या इव्हॅलला (eval, स्ट्रिंगमधल्या एका पदावलीची किंमत काढणारे फंक्शन) बाहेरच्या फंक्शनचे व्हेरिएबल हवे असेल, तर त्याचा उल्लेख आतल्या फंक्शनच्या खऱ्या कोडमध्ये असावा लागतो. केवळ स्ट्रिंगमधला उल्लेख चालत नाही.

कोरी डिक्शनरी म्हणजे सुरक्षितता नव्हे, कारण पायथन तीत बिल्टइन्स (open सारखी अंगभूत फंक्शने) आपणहून भरतो. परक्याने लिहिलेली स्ट्रिंग अशी चालवूच नये.

आणि स्ट्रिंगमध्ये नुसते आकडे किंवा याद्या असतील, तर एएसटी मॉड्यूलमधले लिटरल इव्हॅल (ast.literal_eval) वापरावे. तिथे व्हेरिएबलच नसल्याने स्कोपचा, म्हणजे कोणते नाव कुठे दिसते याचा, प्रश्नच येत नाही.