घोड्याची नस भरली तर: पहिले तीन दिवस आणि पुढचे नऊ महिने

नस भरणं म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, ताणली जाणं किंवा फाटणं. शर्यतीच्या किंवा लांब पल्ल्याच्या घोड्याला बहुधा पुढच्या पायाच्या नळीमागे, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडामागे लागतं. कातडीखाली लगेच वरची टेंडन, तिच्या आत खोल टेंडन आणि नळीला चिकटून सस्पेन्सरी लिगामेंट, खुरावरचा सांधा तोलून धरणारा पट्टा. दौडीत सगळ्यात जास्त ताण वरच्या टेंडनवर येतो, म्हणून तीच जास्त फाटते. वरातीत नाचणाऱ्या घोडीचा भार मागच्या पायांवर असतो. तिथे नळीच्या वरच्या टोकाशी सस्पेन्सरी दुखावली, तर सूज बाहेरून दिसेलच असं नाही.

तपासण्याआधी पाय धुऊ नका, नाहीतर आतली उष्णता हाताला कळत नाही. हाताची उलटी बाजू नळीमागून फिरवा. मग पाय उचलून गुडघा वाकवा. टेंडन सैल पडते. अंगठा आणि तर्जनीत धरून वरून खाली एकेक बोट दाबत या आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. खुरावरचा सांधा जमिनीकडे बसला असेल, खुराचं टोक वर उचललं जात असेल किंवा नळीमागे बारीकशी का होईना जखम असेल, तर घोडा एक पाऊलही चालवू नका. जखमेवर स्वच्छ कापड बांधा आणि डॉक्टरांना जागेवर बोलवा.

पहिले 72 तास थंडावा हेच काम. फोडलेला बर्फ ओल्या टॉवेलात गुंडाळून 20 मिनिटं, दिवसातून चार वेळा. पाइपने पाणी सोडणार असाल, तर आधी उन्हात तापलेलं पाणी वाहून जाऊ द्या. नाशिकच्या एप्रिलमध्ये पाइपमधलं पहिलं पाणी चक्क शेक देतं. नंतर पाय कोरडा करून 2 ते 3 सेंटिमीटर जाड कापूस गुंडाळा आणि वर 15 सेंटिमीटर रुंद क्रेप पट्टी, गुडघ्याखालून खुरावरच्या सांध्याखालपर्यंत. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा यावा, ताण सगळीकडे सारखा. पातळ कापसावर पट्टी आवळली की तिच्याच दाबाने टेंडन दुखावते. दर 12 तासांनी सोडून बांधा. चांगल्या पायालाही पट्टी हवी, सगळा भार त्यावरच आलेला असतो.

या दिवसांत गरम शेक, मालिश, जळजळीत लेप यातलं काही नको, सूज वाढते. डाग तर कधीच देऊ नका. कातडी भाजते, आतली टेंडन त्याने लवकर बरी होत नाही. वेदनाशामक डॉक्टरांनी ठरवावं. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 पासून, तर किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक 2023 पासून बंद आहेत, कारण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर ती अजून आहेत. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे. मात्र गोळी देऊन घोडी वरातीला नेली, की टेंडनमधली चीर आणखी लांबते.

सोनोग्राफी आठवड्याभराने करा. चीर पहिले काही दिवस पसरत असते, पहिल्याच दिवशी कमी दिसते. गाई तपासायच्या यंत्रावरही काम होतं, फक्त लिनिअर प्रोब (पायावर टेकवायचा सरळ, सपाट तोंडाचा भाग) किमान 7.5 मेगाहर्ट्झचा हवा.

खरी फसगत पुढे होते. सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, घोडा लंगडायचा थांबतो आणि मालक इसार घेतो. आत तोवर फक्त कच्चे, वेडेवाकडे तंतू आलेले असतात. ते सरळ आणि मजबूत व्हायला मोजका भार लागतो, म्हणून नुसतं बांधून ठेवणंही चुकीचं आणि मोकळं सोडणंही. साधारण आखणी अशी: दोन-तीन आठवडे तबेल्यातच, मग हातात धरून दिवसातून दोनदा 5 ते 10 मिनिटं चाल, दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, ती चांगली आली तरच 5 मिनिटांची दुडकी. पूर्ण काम 9 ते 12 महिन्यांनी. माघात लागलं असेल तर वैशाखातली लग्नं सोडाच, तुळशीच्या लग्नानंतरचं कामसुद्धा सोनोग्राफी पाहूनच घ्या. चालवायला मुरमाचा सपाट रस्ता निवडा. निफाडकडच्या काळ्या चिखलात पाय रुततो आणि ओढला जातो.

काम थांबलं की हरभरा आणि बार्ली दोन-तीन दिवसांत निम्म्यावर आणा, वाळलं गवत भरपूर ठेवा. दाणा तसाच ठेवला तर घोडा उधळतो, पोटशूळही होतो. नालबंदाला दर पाच-सहा आठवड्यांनी बोलवा आणि खुराचं वाढलेलं टोक आखूड करायला सांगा. लांब टोक आणि बसकी टाच असली की प्रत्येक पावलाला खोल टेंडन जास्त ताणली जाते.