बेळगावहून अंटार्क्टिका: पेंग्विन बघायला जाणाऱ्यांनी तयारी कशी करावी

अंटार्क्टिकाला प्रवासी जहाजं जातात ती फक्त नोव्हेंबर ते मार्च. त्यातली बहुतेक अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वाया बंदरातून सुटतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला तिथवर पोहोचायला तीन-चार विमानं बदलावी लागतात आणि एकूण खर्च माणशी एका नव्या चारचाकीच्या घरात जातो. म्हणून ठरवल्यापासून निघेपर्यंत वर्षभर हातात ठेवा. तयारीतली निम्मी कामं अशी आहेत की ती शेवटच्या महिन्यात होतच नाहीत.

आधी दोन गैरसमज काढून टाकू. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली होती आणि राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र चोर्ला घाट उतरला की पलीकडे, वास्कोलाच आहे. त्यामुळे आपल्याकडे हमखास विचारतात, भारताचे ‘मैत्री’ किंवा ‘भारती’ हे संशोधन तळ बघायला मिळतील का? नाही. हे दोन्ही तळ पूर्व अंटार्क्टिकात आहेत. प्रवासी जहाजं जातात अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे, म्हणजे तिथून हजारो किलोमीटर लांब. दुसरं, पांढरी अस्वलं दक्षिणेत नाहीतच. ती बघायची तर उत्तरेला, नॉर्वेच्या स्वालबार्डला जावं लागतं. त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

जहाज कोणतं

चकचकीत माहितीपत्रक बघू नका, प्रवासीसंख्या बघा. अंटार्क्टिकाच्या सहल कंपन्यांची ‘आयएएटीओ’ नावाची संघटना १९९१ पासून आहे आणि तिच्या नियमानुसार एका जागी एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकत नाहीत. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तर कोणालाच उतरवता येत नाही. स्वस्तातली ‘अंटार्क्टिका दर्शन’ सहल बहुधा असल्या मोठ्या जहाजाची असते. हिमनग दिसतात, पण पाय जमिनीला लागत नाही. शंभरच्या आतलं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात. दोनशेचं असेल तर दोन गट पडतात, एक गट किनाऱ्यावर आणि दुसरा रबरी बोटीतून फेरी मारतो, मग अदलाबदल. हेही चांगलं चालतं. दोनशेच्या पुढे मात्र वाट बघण्यातच वेळ जातो.

एजंटला लेखी विचारायचे प्रश्न: कंपनी आयएएटीओची सदस्य आहे का? जहाजावर जास्तीत जास्त प्रवासी किती? उतरण्याचे बेत किती आहेत आणि हवामानाने रद्द झाले तर काय? पार्का (वरून घालायचा जाड कोट) आणि गमबूट मिळतात का? ‘हवामान बघून सांगू’ हे उत्तर शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एकालाच चालतं.

मार्ग मुख्यतः दोन. नुसतं द्वीपकल्प केलं तर दहा-बारा दिवस, त्यातले चार दिवस ड्रेक सामुद्रधुनी (दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र) ओलांडून जाण्या-येण्यात जातात. फॉकलंड आणि साउथ जॉर्जिया ही बेटं धरून केलं तर अठरा ते बावीस दिवस आणि खर्च जवळपास दुप्पट. आयुष्यात एकदाच जायचं असेल तर आमचा कौल साउथ जॉर्जियाला. तिथल्या सेंट अँड्र्यूज बेवर किंग पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्या आहेत आणि त्यांची तपकिरी लोकरीची पिल्लं वर्षभर तिथेच असतात. पैसे जुळत नसतील तर एक-दोन वर्षं थांबा, पण ही बेटं वगळू नका.

महिना ठरवताना काय बघायचं आहे ते आधी ठरवा. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ असतो, पेंग्विन घरटी बांधतात, साउथ जॉर्जियात एलिफंट सीलचे प्रचंड नर किनाऱ्यावर असतात. डिसेंबर अखेरीस आणि जानेवारीत पिल्लं बाहेर येतात, दिवस सर्वांत मोठा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक व्हेल जास्त दिसतात, मात्र पेंग्विनच्या वसाहतीत चिखल आणि वास दोन्ही भरपूर. साउथ जॉर्जियाच्या काही किनाऱ्यांवर डिसेंबरात फर सीलच्या नरांची इतकी गर्दी असते की उतरताच येत नाही.

कागद: आपल्या भागातल्या खास अडचणी

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. जुन्या कागदांवर बेळगाव आणि नव्यांवर बेळगावी अशी इंग्रजी स्पेलिंगं असतात. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळे तेवढ्याने अर्ज अडत नाही. अडतो तो माणसाच्या नावामुळे. दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, आधारावर आडनाव गाळलेलं, कन्नडवरून इंग्रजीत आणताना एखादं अक्षर बदललेलं. पासपोर्ट, बँकखातं, पॅन आणि विमानाचं तिकीट या चौघांवर नाव अक्षरनअक्षर एकच करून घ्या, आणि हे सगळ्यात आधी.

जन्म-विवाहाचे दाखले, नाडकचेरीतले कागद, जमिनीचा उतारा आपल्याकडे कन्नडमध्ये मिळतात. वकिलातीत ते तसे चालत नाहीत. इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्या. शेतकऱ्यांनी बँक स्टेटमेंटकडे नीट बघावं. कारखान्याचं ऊसबिल एकदम जमा होतं आणि व्हिसा अधिकाऱ्याला ती रक्कम दाखवण्यापुरती उसनी आणलेली वाटते. बिलाची प्रत, कारखान्याचा खातेउतारा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या अशाच जमा जोडल्या की शंका मिटते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी आयकर विवरणपत्र भरलेलं असावं.

अर्जेंटिनाचा दूतावास दिल्लीत आणि वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. आपला पत्ता कर्नाटकातला, म्हणून अर्ज कुठे करायचा ते ईमेल करून आधी विचारा. कोल्हापूरच्या पाहुण्यांनी जिथे केला तिथे आपलाही घेतील असं धरू नका. अमेरिकेचा चालू पर्यटक व्हिसा असणाऱ्यांना अर्जेंटिनात सवलत मिळते, ती त्या वेळी कोणत्या स्वरूपात आहे ते दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा. जहाज चिलीच्या पुंता अरेनासहून असेल तर चिलीचा व्हिसा वेगळा.

पीतज्वराची लस हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. दुबई, दोहा किंवा अदिस अबाबामार्गे ब्वेनोस आयरेसला जाणारी बरीच विमानं वाटेत ब्राझीलमध्ये थांबतात. ब्राझील, अर्जेंटिना आणि इथिओपिया हे भारताच्या पीतज्वर यादीतले देश आहेत. परत येताना पिवळं कार्ड (लसीचं प्रमाणपत्र) नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, मुंबई-बंगळूरला अशी केंद्रं आहेत. ती घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी.

विम्यात ‘जगभर’ लिहिलेलं असून भागत नाही. अंटार्क्टिका धरलं आहे का आणि तिथून आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च किती रकमेपर्यंत, हे पॉलिसीत शोधा. बऱ्याच कंपन्या लाख ते अडीच लाख डॉलरचं संरक्षण मागतात आणि त्याशिवाय जहाजावर घेत नाहीत.

सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल आणि ते उशिरा पोहोचलं, तर पुढची आंतरराष्ट्रीय कंपनी जबाबदार नसते. एक रात्र मुंबईत काढा. ब्वेनोस आयरेसला आंतरराष्ट्रीय विमानं एसेइसा विमानतळावर उतरतात आणि उश्वायाची बरीचशी आएरोपार्के या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. मध्ये अख्खं शहर आहे, पाच तास तरी ठेवा. देशांतर्गत विमानात सामान बहुधा पंधरा किलोच नेऊ देतात. उश्वायाला जहाज सुटण्याच्या किमान दोन दिवस आधी पोहोचा, कारण हरवलेली बॅग एका दिवसात येत नाही आणि जहाज कोणासाठी थांबत नाही.

कपडे, आणि त्यातली कुसळं

उन्हाळ्यात द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपास असतं. आपल्याला वाटतं तेवढी भयंकर थंडी नसते, त्रास देतो तो वारा आणि ओल. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, भिजल्या की वाळत नाहीत. अंगालगत मेरिनो लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मलचे दोन जोड, वर फ्लीस, त्यावर पूर्ण जलरोधक पँट. पँट बाहेर घालायची, बुटात खोचायची नाही, नाहीतर लाटेचं पाणी थेट बुटात जातं. पातळ हातमोजे आणि त्यावर जाड जलरोधक हातमोजे, लोकरी मोज्यांचे चार जोड, कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन.

आता शेताशी संबंध असणाऱ्यांनी नीट वाचा. अंटार्क्टिकाच्या किंग जॉर्ज बेटावर ‘पोआ ॲन्युआ’ हे बाहेरचं गवत माणसांबरोबर येऊन रुजलं आहे. साउथ जॉर्जियात जहाजांबरोबर आलेले उंदीर संपवायला कित्येक वर्षं लागली, २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. म्हणून उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट, बॅग, काठी, खिसे तपासतात. साउथ जॉर्जियाला सरकारी अधिकारी स्वतः बघतो, आणि जहाज तपासणीत नापास झालं तर सगळ्यांचंच उतरणं लांबतं.

गवतात वावरलेल्या जाकिटाच्या वेल्क्रोत कुसळं इतकी घट्ट बसतात की ब्रशने निघत नाहीत. उजेडात वेल्क्रो उलटा वाकवून धरा म्हणजे हुकांच्या रांगा उघडतात, मग शिवणकामाची सुई किंवा चिमटा घेऊन एक-एक काढा. मोज्यांत घुसलेलं कुसळ आतल्या बाजूने ओढलं तर सबंध येतं, बाहेरून ओढलं तर मोडतं. खिसे उलटे करून शिवणीतली धूळ व्हॅक्यूमने ओढा. बुटांच्या तळव्यातली लाल माती जुन्या टूथब्रशने पाण्याखाली काढा. हे काम घरी केलंत तर जहाजावर अर्धा तास वाचतो. शक्य असेल तर या सहलीसाठी बॅग आणि बाहेरचे कपडे नवेच घ्या.

ड्रेक ओलांडताना

ड्रेक सुमारे आठशे किलोमीटर रुंद आहे, ओलांडायला दोन दिवस. चोर्ल्यात किंवा आंबोलीत ज्याला गाडी लागते त्याला इथे बोट लागणार असंच धरून चाला. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची खोली घ्या, ती कमी हलते आणि स्वस्तही असते. गोळी लाटा सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, उलटीबरोबर पडून जाते. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधीच सुरू करा आणि ती घरी एकदा घेऊन किती झोप येते ते बघा. स्कोपोलामाईनची पट्टी कानामागे किमान चार तास आधी लावतात, तीन दिवस चालते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती नको. लावल्यावर हात धुवा, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिसणं धूसर होतं. पोट रिकामं ठेवू नका. एक हात कायम कठड्याला असू द्या आणि दाराच्या चौकटीत बोटं कधीच नकोत. जहाजावर हातापायाची मोडतोड होते ती बहुधा अशीच.

बरं वाटत असेल तर मागच्या डेकवर जा. साडेतीन मीटरपर्यंत पंखविस्तार असलेला वाँडरिंग अल्बट्रॉस पंख न हलवता जहाजामागून येतो. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते.

उतरताना आणि किनाऱ्यावर

रबरी बोटीत दहा-बारा जण बसतात. चढताना-उतरताना दोन्ही हात मोकळे, कॅमेरा कोरड्या पिशवीत. खलाशाच्या पंज्याला पंजा देऊ नका, मनगटाच्या वर कोपराखाली एकमेकांचा हात धरा, म्हणजे ओल्या हातमोज्यातून निसटत नाही. आधी बोटीच्या फुगीर कडेवर पाऊल, मग तळावर, मग लगेच बसायचं आणि बसल्या-बसल्या सरकायचं. उभं राहायचं असेल तर चालकाला विचारूनच. जहाजातून निघताना आणि परतल्यावर आपला बिल्ला फिरवायला किंवा कार्ड दाखवायला विसरू नका. राहिलं तर माणूस बेटावरच राहिला असं समजून शोध सुरू होतो.

पेंग्विनपासून पाच मीटर, फर सीलपासून पंधरा मीटर. पेंग्विन आपणहून जवळ आला तर स्तब्ध राहा. बर्फातल्या त्यांच्या पायवाटा दाबून टणक झालेल्या असतात, त्यांवरून चालू नका, ओलांडतानाही तो आधी जाऊ द्या. आपला पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर तो खड्डा लगेच बर्फाने बुजवा, पेंग्विन त्यात पडला तर त्याला बाहेर येता येत नाही. सील आणि समुद्र यांच्या मध्ये कधी उभे राहू नका. फर सील अंगावर आला तर पळायचं नाही, पळालात की तो मागे लागतो. जागेवर उभं राहून काठी खाली समोर धरायची आणि हळूहळू मागे सरायचं.

साउथ जॉर्जियात ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्ड फ्लू आढळला. तेव्हापासून किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, बॅग जमिनीवर ठेवणं बंद आहे. फोटोसाठी वाकता येतं, टेकता येत नाही. हौसेखातर ड्रोन उडवायलाही बंदी आहे. किनाऱ्यावर पाण्याखेरीज काही खायचं नाही, शेंगदाण्याचा लाडूसुद्धा नाही. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच लेखी कळवा, भर समुद्रात स्वयंपाकघराला नवीन सामान मिळत नाही. कुंदा मात्र घेऊन जाऊ नका: दुग्धजन्य पदार्थ अर्जेंटिना-चिलीच्या विमानतळावर काढून घेतात, चिलीत न सांगता नेलं तर दंडही होतो.

कॅमेऱ्याला शंभर ते चारशेची झूम लेन्स बास. बर्फात फोटो करडे येतात म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. खोलीत परतल्यावर कॅमेरा तासभर बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर लेन्समध्ये दव धरतं.

स्वालबार्डचं थोडक्यात

जून ते ऑगस्ट. इथे व्हिसाची एक मेख आहे: स्वालबार्ड शेंगेनच्या (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे, पण वाट नॉर्वेतून जाते, म्हणून दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा मागा. एकदाच प्रवेशाचा असेल तर परतीला अडकाल. १ जानेवारी २०२५ पासून अस्वलांपासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं. संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवाशांची जहाजं जाऊ शकत नाहीत. अस्वल जवळून दाखवण्याची हमी देणारा एजंट तिथेच सोडा.

पैसे आणि परतल्यावर

परदेशी सहलीचे पैसे भरताना टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, भरायच्या आठवड्यात बँकेला विचारा. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच विवरणपत्रात तो परत मिळतो, म्हणून घरातल्या चौघांचे पैसे एकाच्या खात्यातून पाठवायचे की वेगवेगळे, ते आधी सीएकडून ठरवून घ्या. जहाजावरचा खर्च कार्डाने शेवटी वळता होतो. टीपसाठी थोडे डॉलर रोख ठेवा. पिवळं कार्ड परतीच्या प्रवासात हातातल्या बॅगेत असू द्या, चेक-इनच्या सामानात नको, कारण मुंबईत आरोग्य तपासणी सामान मिळण्याआधी होते.